एल्माचं जुनं व्हर्जन

शनिवारी सकाळी कोस्केलांच्या घरी सहसा कोणी फोन करत नसे. केलाच, तर रेनो कोस्केला उचलायचा आणि दबक्या आवाजात सांगायचा, "एल्मा बसलीय." एवढं पुरे व्हायचं. हॅन्कॉक गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं की एल्मा बसलीय म्हणजे घरच्या हिशेबाला बसलीय, आणि आता दुपारपर्यंत तिच्या वाटेला जायचं नाही.

एल्माने उभं आयुष्य लाकडाच्या वखारीत हिशेबनीस म्हणून काढलं होतं. वखारीत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा बाकीच्या बायका परक्या कुत्र्याकडे बघावं तशा त्याच्याकडे बघत होत्या. एल्माने तो पंधरवड्यात माणसाळवला. मग तिने घरीही एक घेतला आणि त्यात घरखर्चाचा प्रोग्राम टाकला. दर काही वर्षांनी कंपनी त्याचं नवं व्हर्जन काढायची, एल्मा कुरकुरत ते विकत घ्यायची. शेवटी एक व्हर्जन तिला असं काही भावलं की ती त्यावरच थांबली. त्यात पडद्यावर हिरवट रंगाचा चेक दिसायचा, अगदी बँकेच्या चेकसारखा. त्यावर नाव आणि रक्कम टाइप केली की काम झालं. खर्चाची खातीही तिने स्वतः नावं देऊन पाडली होती. वाफेच्या न्हाणीघरासाठी सौनाची लाकडं, बर्फात चालणारे टायर, चर्च, आणि एक खातं, "रेनोचं गोडधोड."

तिचा नवरा रेनो निवृत्त होईपर्यंत रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवायचा. शनिवारी त्याचं काम एकच. आठवडाभराच्या पावत्या खिशांतून काढून एल्मासमोर बशीत ठेवायच्या आणि चौकशीला उभं राहायचं.

"हे काय आहे?" एल्मा चष्म्यावरून बघायची.

"पावती."

"ते दिसतंय मला. अर्धा डझन डोनट कोणी खाल्ले?"

"गाडीवरच्या पोरांना दिले."

"रिटायर होऊन किती वर्षं झाली तुला? कसली गाडी आणि कुठली पोरं?"

रेनो खिडकीबाहेर बघायचा. एल्मा न हसता ती रक्कम योग्य त्या खात्यात टाकायची.

गेल्या उन्हाळ्यात मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून एल्माच्या आजाराचं नाव सांगितलं. एल्माने विचारलं, "म्हणजे मी हळूहळू सगळं विसरणार?" डॉक्टरीणबाई प्रामाणिक होत्या. हो म्हणाल्या. जे अजून नीट जमतंय ते करत राहा, असंही म्हणाल्या. परतीच्या वाटेवर एल्मा म्हणाली, "वाटेत खिम्याच्या पेस्टी घे दोन. आज मला स्वयंपाक करायचा नाही."

त्यानंतर लहानसहान गोष्टी निसटायला लागल्या. वेलदोड्याचा पाव करताना वेलदोडेच राहिले. लेकीला तिने मावशीच्या नावाने हाक मारली. एकदा केकमध्ये साखरेऐवजी मीठ पडलं. प्रत्येक वेळी रेनो म्हणायचा, "अगं, होतं असं. मीही विसरतो." तो खारट केकही त्याने "छान झालाय" म्हणत अख्खा तुकडा संपवला होता.

शनिवारी मात्र एल्मा जुनी एल्मा असायची. कॉम्प्युटर सुरू झाला की माउसवरचा तिचा हात आपोआप वर डाव्या कोपऱ्यात जायचा, चेक उघडायचा, बोटं धावायला लागायची. बोटांना डोक्याची परवानगी लागत नव्हती. रेनो स्वयंपाकघरात कॉफी करता करता ती टकटक ऐकायचा आणि त्याच्या छातीवरचं ओझं तेवढ्यापुरतं उतरायचं.

मग पडद्यावर लाल पट्टी यायला लागली. वसंतापासून या जुन्या व्हर्जनमध्ये बँकेच्या नोंदी येणं बंद होईल, नवं घ्या, असं त्या पट्टीत लिहिलेलं असायचं. एल्मा दर वेळी "नंतर"वर क्लिक करायची. नाताळ झाल्यावर रेनो पूल ओलांडून होटन गावच्या दुकानात गेला आणि नव्या व्हर्जनचा डबा घेऊन आला.

"चाललंय ते चालू दे की," एल्मा म्हणाली.

"अगं, मार्चनंतर बंद पडणार आहे."

"मग मार्चमध्ये बघू."

"तेव्हा धावपळ नको. दोघं मिळून टाकू. मी आहे ना."

तो आहे ना, म्हणून एल्मा उठली आणि तिने खुर्ची त्याला दिली. रेनो डब्यावरच्या सूचना मोठ्याने वाचत एकेक बटण दाबत गेला. निळी रेघ गोगलगाईसारखी सरकत राहिली. अखेर पडद्यावर कागदाच्या झिरमिळ्या उडाल्या. अभिनंदन, तुमचं आर्थिक जीवन आता अधिक सोपं झालं आहे!

"बघ," रेनो म्हणाला, "सोपं झालं."

एल्मा खुर्चीत बसली. समोर रंगीबेरंगी गोल होते, कापून ठेवलेल्या पिझ्झासारखे. तिचा हात वर डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे क्रेडिट कार्डाची जाहिरात होती. तिने हात मागे घेतला आणि पुन्हा नेला. जाहिरातच होती.

"रेनो, चेक कुठंय?"

"असेल इथंच कुठेतरी." तो वाकून बघायला लागला.

"गेल्या शनिवारी इथं होता ना?"

"होता."

"नक्की? मला तसं वाटतंय म्हणून नाही ना?"

"नक्की होता."

तिने यादी उघडली, मिटली, दुसरी उघडली. "सौनाची लाकडं" सापडेना. "रेनोचं गोडधोड" सापडेना. सगळं "इतर" नावाच्या एका खात्यात कोंबलेलं होतं. तिची बोटं आधी गोंधळली आणि मग थांबली. तिने चष्मा काढून बशीतल्या पावत्यांवर ठेवला.

"म्हणजे इथपर्यंत आलं," ती हळूच म्हणाली.

"काय आलं?"

"आजार."

"एल्मा, नाही गं! हे तू नाहीस. हा प्रोग्रामच बदललाय. चेक त्यांनी काढून टाकलाय."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर रेनोला बरं वाटलं असतं. नजरेत माया होती. "तू असं म्हणणारच. केकमध्ये मीठ पडलं तेव्हाही म्हणालास, छान झालाय."

ती आत जाऊन भर सकाळी पलंगावर आडवी झाली. रेनो पडद्यासमोर बसून राहिला. इतके महिने तिला बरं वाटावं म्हणून त्याने जे काही गोड खोटं वाटलं होतं, त्यात त्याच्या शब्दाची पत संपून गेली होती. आज खरं बोलायची वेळ आली, तर ते घ्यायला कोणी नव्हतं.

त्याने जुनं परत आणायचा प्रयत्न केला. जुनी डिस्क मिळाली. एल्मा शिस्तीची, दर महिन्याला फाइलची नक्कल काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवायची, त्यामुळे नकलाही होत्या. पण जुना प्रोग्राम टाकायला गेलं की तो आधी इंटरनेटवरून कंपनीची परवानगी मागायचा, आणि कंपनीचं उत्तर यायचं, हे व्हर्जन आता दिलं जात नाही. कुलूप होतं, किल्ली होती, दारच कोणीतरी उचलून नेलं होतं.

सोमवारी त्याने कंपनीला फोन लावला. सनईसारखं काहीतरी वाजत राहिलं. मग मधेच कोणीतरी सांगायचं की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. कॉफी गार झाली. शेवटी एका मुलीचा आवाज आला. तिने नाव टॅबिथा सांगितलं.

"सर, जुन्या व्हर्जनला आता आमचा आधार नाही."

"आधार नकोच आहे मला. फक्त ते परत टाकू द्या. पैसे देऊन घेतलंय आम्ही."

"तशी सोय नाही, सर. नव्या व्हर्जनमध्ये खूप सुविधा आहेत. शिकण्यासाठी छोटे व्हिडिओ आहेत. मॅडमनी ते बघितले तर..."

"मॅडमना नवं शिकता येत नाही!" रेनो ओरडला. इतक्या मोठ्याने तो गाडीवर असतानाही कधी ओरडला नव्हता. मग त्याचाच आवाज बसला. "तिला आजार आहे. जुनं तेवढं तिच्या हातात आहे. ते तुम्ही काढून घेतलंत, आणि ती समजतेय की तिचंच डोकं गेलं."

मग टॅबिथा बोलली ती जरा वेगळ्या आवाजात. "सर, मी तुम्हाला ते देऊ शकत नाही. माझ्या हातातच नाही. पण ज्या कोणाच्या कॉम्प्युटरवर जुनं व्हर्जन आधीपासून आहे, तिथे तुमच्या नकला उघडतील. कोणाकडे आहे का विचारून बघा. आणि मॅडमना सांगा, आज सकाळपासून मला दुसरा विषयच नाहीये. सगळे तो हिरवा चेकच मागताहेत."

रेनो ताठ झाला. "पोरी, हे तूच तिला सांगशील का?"

त्याने एल्माला हाका मारून बोलावलं आणि फोन तिच्या कानाला लावला. एल्माने सगळं नीट ऐकून घेतलं, हसली आणि म्हणाली, "फार गोड आहेस गं तू. त्यानेच सांगितलं ना तुला असं बोलायला?" आणि फोन रेनोच्या हातात देऊन निघून गेली.

त्यानंतरच्या शनिवारी घरात टकटक झाली नाही. एल्मा खिडकीशी बसून बर्फ बघत होती. पावत्या रेनोच्या खिशातच राहिल्या.

किराणा घ्यायला गेला असताना दुकानाच्या फळ्यावर रेनोला एक चिठ्ठी दिसली. "नव्या व्हर्जनने छळलेल्यांनी मंगळवारी दुपारी लायब्ररीच्या तळघरात यावं. कॉफी मिळेल. उपाय मिळेल की नाही, माहीत नाही. बर्नाडीन." बर्नाडीन एल्माची शाळेतली मैत्रीण. कॅथलिक चर्चचा जमाखर्च ती कित्येक वर्षं याच प्रोग्रामवर ठेवत आली होती.

"मी नाही येणार," एल्मा म्हणाली. "चार लोकांत जाऊन काय शोभा करून घेऊ?"

"बोलू नकोस कोणाशी. बर्नाडीनचा केक खाऊ आणि परत येऊ."

"तिचा केक कोरडा असतो."

"मग कॉफीत बुडवून खाऊ."

तळघरात लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. रेनोला वाटलं होतं पाचसहा जण असतील. जिन्यापर्यंत माणसं उभी होती, बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर तळी झाली होती, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. एल्मा मागच्या रांगेत, रेनोच्या आडोशाला, पर्स मांडीवर धरून बसली.

सगळ्यात आधी दातांचा डॉक्टर क्लाइड उठला. तोही आता निवृत्तच होता. "जन्मभर मी या गावाचे दात उपटले," तो म्हणाला, "पण खुर्चीत बसून कोणी इतकं ओरडलं नसेल, जितका मी या प्रोग्रामसमोर ओरडलो."

"तू इंजेक्शन न देता उपटायचास, तेव्हा आम्ही ओरडायचो!" कोणीतरी मागून म्हणालं. हशा पिकला.

मग एक बाई सांगायला लागल्या. त्यांच्या खात्यांची नावं पुसली गेली होती. "माझा कुत्रा गेला गं शरद ऋतूत," त्या म्हणाल्या. "त्याच्या डॉक्टरांची सगळी बिलं नव्या व्हर्जनने कुठे टाकलीत माहितीये? करमणुकीत!"

एल्माच्या तोंडून फुर्र असा आवाज आला. तिने पटकन रुमाल तोंडाला लावला. रेनो समोर बघत राहिला, पण त्याचे कान तिच्याकडे होते.

"ते सगळं राहू द्या," क्लाइड म्हणाला. "तो चेक कोणाला सापडला का? हिरवा? मी रोज शोधतोय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"तो नाहीये," मागच्या रांगेतून आवाज आला.

माना वळल्या. एल्मा उभी होती. आपण उभ्या राहिलोय हे तिलाही बहुधा नंतरच कळलं. "वर डाव्या कोपऱ्यात असायचा. तिथे आता क्रेडिट कार्डाची जाहिरात आहे. यादीत बघितलं, खालच्या यादीत बघितलं, मदतीच्या पानावर बघितलं. कुठेही नाही. काढून टाकलाय त्यांनी."

क्लाइडने टेबलावर हात आपटला. कप थरथरले. "ऐकलंत? मी बायकोला हेच सांगतोय! ती म्हणते, चेक असेल तिथंच, तूच म्हातारा झालायस. एल्मा, आमच्या घरी येऊन सांग तिला."

"तुलासुद्धा सापडला नाही?" एल्माने विचारलं.

"मला? गेला आठवडाभर मला वाटत होतं की माझा मेंदूच तपासून घ्यावा!"

"मलापण," एक जण म्हणाला. "मलापण," दुसरी म्हणाली. एल्मा एकेका चेहऱ्याकडे वळून बघत राहिली, लहान मूल जत्रेत बघतं तशी. मग खाली बसली. बर्नाडीनचा केक तिने न बुडवताच खाल्ला आणि आणखी एक मागून घेतला.

निघताना जिन्याच्या वळणावर ती थांबली आणि तिने रेनोची बाही धरली.

"रेनो, दातांच्या डॉक्टरलासुद्धा सापडला नाही."

"नाही."

"ते सगळेच हरवलेत." ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, मग नुसतंच पाणी येत राहिलं. रेनोने तिला जवळ घेतलं. खालून वर येणारी माणसं थांबली आणि मग भिंतीला चिकटून निमूट पुढे गेली.

"म्हणजे त्या दिवशी तू खरं बोलत होतास," ती त्याच्या कोटात तोंड ठेवून म्हणाली.

"हो."

"आणि केकच्या वेळी?"

रेनो जरा घुटमळला. "केकच्या वेळी नाही. मीठच मीठ होतं."

"किती?"

"घोडासुद्धा तोंड फिरवील इतकं."

ती पुन्हा हसली. मग डोळे पुसून गंभीर झाली. "यापुढे खरं सांगायचं. मी चुकले तर चुकले म्हणायचं. नाहीतर माझं काय गेलंय आणि काय राहिलंय, ते मला कसं कळणार? मी तुलाच तर विचारणार ना?"

रेनोने मान हलवली.

"एल्मे!" खालून बर्नाडीन धापा टाकत वर आली. "अगं, पळताय कुठे? माझ्या तळघरात चर्चचा जुना डबडा कॉम्प्युटर पडलाय. जुनं व्हर्जन आहे त्यात. मी कधी काही फेकत नाही, माझी पोरं मला त्यावरून शिव्या देतात. न्या तो. फक्त इंटरनेटला लावू नका, नाहीतर तोही शहाणा होईल."

तो कॉम्प्युटर भलताच जड होता. रेनो आणि क्लाइडने तो घोंगडीत गुंडाळून ट्रकमध्ये चढवला. एल्मा पुढे बसून सारखी मागे वळून बघत होती, जसं काही मागे एखादं वासरू बांधलंय. घरी येऊन रेनोने बिस्किटांच्या डब्यातली शेवटची डिस्क आत घातली. यंत्र बराच वेळ घरघरलं आणि मग पडदा उजळला.

एल्माचा हात वर डाव्या कोपऱ्यात गेला.

रेनो स्वयंपाकघरात गेला आणि त्याने नळ सोडला. भांडी काही नव्हती. पाणी तसंच वाहू देत तो पाठमोरा उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने नळ बंद केला, तेव्हा बाहेरच्या खोलीत टकटक चालू होती.

"रेनो! खिशात काय काय दडवून ठेवलंयस ते आण इकडे!"

सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. त्या जुन्या यंत्रात बँकेच्या नोंदी येत नव्हत्या. एल्मा त्या कागदावरून बघून टाइप करायची, वखारीत करायची तशा. खरी बिलं भरायला रेनोला नवं व्हर्जन शिकावं लागलं. त्यासाठी तो दर मंगळवारी लायब्ररीच्या तळघरात जायला लागला. तिथे क्लाइड आणि तो मिळून त्या प्रोग्रामला इतक्या शिव्या द्यायचे की बर्नाडीनने शिव्यांसाठी दंडाची पेटी ठेवली. एल्माला हे सगळं माहीत होतं. तिच्या हिशेबातून बिलं भरली जात नाहीत, हेही माहीत होतं. "तू सरकारी हिशेब ठेव," ती म्हणायची, "मी खरा ठेवते."

कबूल केल्याप्रमाणे रेनो खरं सांगत गेला. "एल्मा, ही पावती तू दुसऱ्यांदा टाकतेयस." सुरुवातीला त्याची जीभ जड व्हायची. ती मात्र "हो का?" म्हणून पुसून टाकायची. पुढच्या हिवाळ्यात अशा चुका वाढल्या. तरी शनिवार चुकला नाही. कधी ती एकाच चेकवर सगळी सकाळ घालवायची. कधी बर्नाडीन शेजारी बसून रकमा वाचून दाखवायची आणि दोघी शाळेतल्या कुठल्याशा मास्तरांच्या नकला करत हसायच्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका शनिवारी टकटक मधेच थांबली. रेनो बाहेर आला. एल्मा हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने उरलेल्या पावत्यांची बशी त्याच्याकडे सरकवली.

"पुरे झालं आता," ती म्हणाली. "मला बाहेर उन्हात बसायचंय."

"बरं वाटत नाहीये का?"

"चांगलं वाटतंय. कंटाळा आलाय फक्त. किती वर्षं करतेय मी हे?"

"खूप वर्षं."

"मग?" ती उठली आणि खुर्ची नीट आत सरकवली. दारात पोचल्यावर मागे वळून तिने रेनोकडे बघितलं. त्याचं नाव आठवायला हल्ली तिला कधीकधी क्षणभर वेळ लागायचा. आज लागला नाही. "रेनो, येताना कॉफी आण. आणि टोपी घाल, तुझं टक्कल भाजतं."

घरासमोरच्या कालव्यावर ऊन पडलं होतं. पुलाखालून एक शिडाची होडी चालली होती. रेनोने दोन कप भरले, टोपी घातली आणि तिच्याशेजारी जाऊन बसला. आत यंत्र तसंच चालू राहिलं होतं. ते बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.